मागांपलीकडचं बोलणं

"आई, ओठ हलवू नकोस ना. लोक बघतायत."

दवाखान्याच्या बाकावर बसलेल्या आईने ओठ मिटले. लेकीला लगेच वाईट वाटलं, पण आज तिच्या जिवाला घोर होता. आईच्या डोक्यात बिघाड आहे असं डॉक्टर म्हणाले, तर तिला वृद्धांच्या केंद्रात ठेवायचं हे घरात ठरल्यात जमा होतं. "तिथे कायम माणूस असतं गं," नवरा म्हणाला होता.

खरं तर आई गप्प बसणाऱ्यांतली नव्हे. कापडगिरणीत तिला सगळे 'रेडिओ' म्हणत. केसांत कापसाचं भुसकट घेऊन ती जिना चढायची, तेव्हा वर पोहोचेपर्यंत निम्म्या इमारतीला दिवसभराच्या बातम्या कळलेल्या असायच्या. बाबा मागून हसत यायचे. बाबा गेल्यावर ती लेकीच्या फ्लॅटमध्ये आली, आणि इथल्या भिंती पातळ निघाल्या. "आई, हळू." "आई, शेजारी काय म्हणतील?" "आई, जरा मीटिंग चालू आहे." कुणाच्या मनात वाईट नव्हतं. पण आवाज कमी करता करता रेडिओ एक दिवस बंदच झाला. जेवण सुटलं, झोप उडाली. आता ती खिडकीपाशी उभी राहून नुसतेच ओठ हलवायची.

एवढ्यात आई ताठ झाली. हॉलच्या पार दुसऱ्या टोकाला जाड चष्म्याची एक म्हातारी बसली होती, आणि तिचेही ओठ हलत होते.

'अगं बाई, साथ आली की काय याची!' लेकीच्या मनात आलं.

आईने भुवया उंचावल्या. म्हातारीने हात उडवला. रडणारं मूल, नाव पुकारणारी नर्स, खोकणारी माणसं, या सगळ्यांच्या डोक्यांवरून दोघींचं काहीतरी चाललं होतं आणि आवाज म्हणून कुणाचा येत नव्हता. आईने कपाळावर हात मारला, मग मांडीवर थाप मारून हसली. ती शेवटची कधी हसली होती, लेकीला आठवेना.

म्हातारी काठी टेकत आली. "तू रेडिओची पोरगी ना? आम्ही गिरणीत एका खात्यात होतो."

"पण तुम्ही दोघी करत काय होतात?"

"गप्पा! दुसरं काय? माग सुरू झाले की कानाशी बोंबललं तरी ऐकू यायचं नाही. मग ओठांवरनंच वाचायचं. तुझे बाबा वाटेपलीकडच्या मागावर. या दोघांचं जमलेलं अख्ख्या खात्याने वाचलं, तुझ्या आजोबांना सगळ्यात शेवटी कळलं!"

"काहीतरीच तुझं!" आई म्हणाली, आणि तेही मोठ्याने. शेजारचा माणूस दचकला. लेकीच्या ओठांवर 'हळू' आलं होतं, ते तिने गिळलं.

आत डॉक्टरांनी विचारलं, "आजी, आज वार कोणता?"

"बुधवार. शाळेत घालताय का मला?"

"मग जेवत का नाही?"

"गप्प बसून घास उतरत नाही हो," आई म्हणाली. लेक खाली बघत राहिली.

केंद्राचा विषय तिने त्याच संध्याकाळी मिटवला. जाड चष्मेवाली मावशी घरी येऊ लागली. दोघींचा दंगा ऐकून शेजाऱ्यांनी एकदा भिंत ठोकली, तर लेकीने त्यांनाच चहाला बोलावलं. आई दोन घास जास्त जेवू लागली. मिक्सर चालू असताना ती लेकीला ओठ वाचायला शिकवायची. लेकीने 'मीठ'च्या जागी 'पीठ' वाचलं की म्हणायची, "गिरणीत पहिल्याच दिवशी हाकलली असती तुला."

एका दुपारी लेक वाळत घालायचे कपडे घेऊन खोलीत आली. आई खिडकीपाशी होती. काचेत तिचा चेहरा दिसत होता आणि ओठ हलत होते. लेकीला पहिल्यांदाच ते वाचता आले.

'जेवलात का?'

खडखडाटात वाटेपलीकडच्या मागावरून उत्तर यायला लागेल तेवढा वेळ आई थांबली. मग तिने मान हलवली आणि पदर सारखा केला.

लेक ओले कपडे हातात घेऊन, आवाज न करता बाहेर गेली.