झगलूल विरुद्ध बहगत

हाज झगलूल धापा टाकत वर आले, तेव्हा इजलाल भेंडी चिरत होती. तळमजल्यावरचा घरमालक स्वतः जिना चढून दारात आला म्हणजे काही चांगली बातमी नसणार, हे कळायला ज्योतिषी लागत नाही. पण हाज नुसतेच उभे राहिले. त्यांनी घाम पुसला, तिच्या गुडघ्यांची चौकशी केली, आपल्या गुडघ्यांची सविस्तर हकिगत सांगितली आणि मग चाचरत विचारलं, "उस्ताद आहेत का? एक निकाल हवा होता."

इजलालचे यजमान उस्ताद बहगत घरातच होते. ते जाणार कुठे? अलेक्झांड्रियाच्या कोर्टाच्या ग्रंथालयात त्यांनी कारकुनी केली होती. गावाकडून आलेली माणसं आपल्यावर कुठला कायदा लागलाय एवढं विचारत दिवसभर या खिडकीवरून त्या खिडकीवर फिरायची, आणि ज्या वकिलाकडे कागद असायचा तो त्याला कुलूप घालून बसायचा. बहगतना ते बघवेना. शहरात इंटरनेट आलं न आलं तोच त्यांनी एक कॉम्प्युटर घरी आणला, गॅलरीतल्या कपडे वाळत घालायच्या दोऱ्या काढल्या, काचा लावल्या आणि तिथे बसून कायदे आणि निकाल टाईप करून साइटवर चढवायला सुरुवात केली. कुणीही यावं, फुकट वाचावं. तेव्हा साऱ्या देशात असलं खूळ कुणाच्याही डोक्यात नव्हतं. फोनची लाईन कायम अडकलेली. बहिणीला मुलगा झाला, ते इजलालला ट्राममधल्या कंडक्टरकडून कळलं.

मोहल्ल्याची समजूत वेगळीच होती. जो कायदा चढवतो तोच तो करतही असणार. वाहतुकीचा नवा कायदा आला, तेव्हा मायक्रोबसवाल्यानं बहगतना गाडीत घ्यायचंच नाकारलं. वरच्या मजल्यावरची उम्म हिशाम तर मुलूखियाच्या पालेभाजीचं भरलेलं पातेलं घेऊन आली. तिच्या लेकीचा नवऱ्याशी मुलाच्या ताब्यावरून वाद चालला होता. "तेवढं मुलानं आईकडे राहायचं वय दोन वर्षांनी वाढवून टाक ना, बाबा," ती म्हणाली. "तुझ्या एका बोटाचं तर काम." बहगतनी परोपरीनं समजावलं. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि डोळा मारून म्हणाली, "कळलं. वरून दाब असेल."

बहगतचे नियम दोनच. दारात आलेल्याला चहा आणि हवा तो कागद मिळणार, आणि एकदा चढवलेला निकाल कुणासाठीही उतरणार नाही. इजलालच्या चुलतबहिणीनं आपल्या घटस्फोटाच्या निकालातून नाव तरी काढा म्हणून पाय धरले होते. यांनी काढलं नाही. ती बहीण आजही इजलालला बघितलं की रस्ता बदलते.

तर हाज झगलूल खुर्चीत टेकले. वकिलानं त्यांना सांगितलं होतं, असा एक निकाल आहे की राहायला दिलेल्या जागेत भाडेकरूनं ऑफिस थाटलं आणि कोर्टानं त्याला बाहेर काढलं. साइटवर आहे म्हणतात, पण वकिलाला काही सापडेना.

"भाडेकरू कोण?" बहगतनी विचारलं.

हाज चहाच्या ग्लासात बघायला लागले. "आहे एक," ते म्हणाले.

बहगतच्या लक्षात यायला साखर विरघळण्याइतका वेळ लागला. हे त्यांच्या वडिलांनी भाड्यानं घेतलेलं घर. इजलाल नवरी म्हणून इथेच आली, दोन इमारतींच्या फटीतून दिसणारा समुद्र बघत तिची उमर गेली. जुन्या भाड्याची अशी जागा एकदा सुटली की पुन्हा शहरात पाय ठेवायला मिळत नाही. तरी त्यांनी चष्मा लावला आणि शोधायला बसले. निकाल सापडला. हाजनी हात पुढे केला, तर म्हणाले, "हा नका नेऊ. हा जुना झाला. नंतर वरच्या कोर्टानं सांगितलंय, शेजाऱ्यांच्या साक्षीनं ऑफिस सिद्ध झालं पाहिजे. हा घ्या, हा भक्कम आहे."

हाज कागद छातीशी धरून खाली गेले. जाताना जिन्यात चक्क आशीर्वाद देत होते.

इजलाल सुरी हातात घेऊन गॅलरीच्या दारात उभी होती. "आपल्या गळ्यातला फास तूच विणून दिलास त्याला. वर गाठ कशी मारायची तेही शिकवलंस."

"सगळ्यांसाठी ठेवलंय ते, इजलाल. सगळ्यांत घरमालकही आला."

"आणि बायको? ती येते का सगळ्यांत?"

तिनं त्या दिवशी भेंडी करपवली, आणि त्यांनी निमूट खाल्ली.

दावा उभा राहिला. बहगतच्या वकिलाचं म्हणणं, काळजीचं कारण नाही. शेजाऱ्यांनी एवढंच सांगायचं की हे साधं घर आहे, म्हातारा विरंगुळा म्हणून काहीतरी करत बसतो. उम्म हिशाम ट्राममध्ये सगळा रस्ताभर घोकत होती, साधं घर आहे, साधं घर आहे. पिंजऱ्यात उभी राहिली आणि तसं म्हणालीही. मग हाजचा वकील हसून म्हणाला, "म्हणजे एक रिटायर्ड कारकून गॅलरीत बसून डबड्याशी खेळतो. दुसरं काही नाही."

झालं. उम्म हिशामचं टाळकं फिरलं.

"खेळतो?" ती म्हणाली. "अरे, तुझ्यासारखे वकील सकाळपासून त्याच्या जिन्यात रांग लावतात. सरकारला जमलं नाही ते या माणसानं एकट्यानं केलं. साधं घर म्हणे! असं ऑफिस साऱ्या शहरात नाही."

बहगतच्या वकिलानं कपाळाला हात लावला. पुढचा साक्षीदार गल्लीतलाच फिक्री न्हावी. तो कसला मागे राहतोय? त्यानं शपथेवर सांगितलं की जज्जसाहेबांचे स्वतःचे कारकूनसुद्धा अडलं की तिथेच येतात. जज्जनी कारकुनाकडे बघितलं. कारकुनानं छताकडे बघितलं.

बहगत मान खाली घालून बसले होते. कान लाल झाले होते. घर चाललंय हे त्यांना दिसत होतं, पण खरं सांगायचं तर त्यांना आनंदही झाला होता. इतकी वर्षं लोकांनी चहा प्यायला, कागद नेले, पण असं तोंडावर कुणी कधी बोललं नव्हतं.

निकाल हाजच्या बाजूनं लागला. उम्म हिशाम छाती पिटून रडली. सामान उतरवताना हाज झगलूल दाराआड उभे होते, बाहेर काही आले नाहीत.

शहराबाहेरच्या वसाहतीत समुद्र नव्हता, ट्राम नव्हती, समोर नुसती वाळू आणि अर्धवट बांधलेल्या इमारती. बहगतनी शेगडी लागायच्या आधी कॉम्प्युटर लावला. इजलालनं त्यांच्या हातात कुठला कागद आहे ते बघितलं.

"हा निकाल तरी चढवू नकोस," ती म्हणाली. "निदान आपलं नाव गाळ. लोक काय म्हणतील?"

"तुझ्या चुलतबहिणीचं गाळलं नव्हतं."

ती आत निघून गेली. बराच वेळ भांड्यांचा आवाज येत राहिला. मग ती दोन ग्लास चहा घेऊन आली, शेजारी खोक्यावर बसली आणि त्यांच्या हातातून कागद काढून घेतला. "आण इकडे. तुला हल्ली बारीक अक्षर दिसत नाही, काहीतरी चुकीचं चढवशील."

ती वाचत गेली, ते टाईप करत गेले. झगलूल विरुद्ध बहगत. तारीख, जागेचं वर्णन, गॅलरी, काचा. मग साक्षी आल्या. जज्जनी उम्म हिशामची साक्ष जशीच्या तशी उतरवून घेतली होती. इजलाल वाचताना जराशी अडखळली. "सरकारला जमलं नाही ते या माणसानं एकट्यानं केलं. साधं घर म्हणे! असं ऑफिस साऱ्या शहरात नाही."

बहगतची बोटं थांबली.

"पुन्हा वाच," ते म्हणाले.

"का? ऐकू नाही आलं?"

"आलं."

इजलालनं त्यांच्याकडे बघितलं, डोक्यावरच्या ओढणीनं आपला चष्मा पुसला आणि तेवढं पुन्हा वाचलं, या खेपेला सावकाश.