पहाटेच्या देवीचे हात

एव्हारिस्तला यंदा पदक मिळालं तर त्याच्यापेक्षा फायदा त्याच्या बायकोचा, ऑनरीनचा, मोठा होता. पॅरिसच्या वार्षिक प्रदर्शनात पदक मिळवलेल्या चित्रकाराला पुन्हा निवड समितीची पायरी चढावी लागत नसे. म्हणजे दर वसंतात नवऱ्याचा उतरलेला चेहरा बघणं सुटणार होतं. शिवाय भाड्याची मॉडेल परवडणार होती आणि चुलीवरचं टाकून चित्रासाठी देवी व्हायची तिची कटकट संपणार होती.

यंदाच्या चित्रात ती पहाटेची देवी होती. चेहरा शिरस्त्याप्रमाणे गुळगुळीत, कुणाचाच नसलेला. हात मात्र एव्हारिस्तने जसेच्या तसे उतरवले होते: लोकांचं धुणं धुऊन फुगलेली बोटं, अंगठ्याशी इस्त्रीचा डाग.

प्रदर्शन उघडायच्या आदल्या दिवशी चित्रकारांना शिडीवर चढून चित्राला रोगण लावायची, शेवटचा हात फिरवायची मुभा असे. देवी पार छताजवळ टांगली होती. चित्र घरी असताना जवळून पाहिलेले त्याचे वृद्ध गुरू, मस्यू लांब्रेक, शिडीपाशी आले. पदकं ठरवणाऱ्यांत त्यांचा शब्द चाले.

“देवी धुणं धुते का रे? ते हात नीट कर, मग बघू.”

शिडी धरून उभी असलेली ऑनरीन महिनाभर तेच सांगत होती.

“ऐक त्यांचं,” ती म्हणाली. “माझी लक्तरं कशाला टांगतोस इथं?”

एव्हारिस्त वर चढला. बराच वेळ त्याचा कुंचला हलत राहिला. तो उतरल्यावर मास्तरांनी चष्मा पुसला, अधू डोळे छताकडे लावले आणि आता कशी देवी शोभते, असं सगळ्या दालनाला ऐकवलं.

पदक मिळालं, तिसऱ्या वर्गाचं. चित्र काही विकलं गेलं नाही. हातगाडीवरून घरी आलं आणि स्वयंपाकघराच्या भिंतीला टेकलं. सूप ढवळता ढवळता ऑनरीन वाकली. फुगलेली बोटं होती तिथंच होती. डागही.

“लबाडा, कुंचल्याला रंग तरी लावला होतास का?”

“रोगण लावलं की. डाग कसा उठून दिसतोय बघ.” मग हळूच म्हणाला, “पुसायला हात उठेना गं.”

तिला रागवायचं होतं. तिने पदराआड करावा तसा हात एप्रनखाली लपवला, मग काढून चित्रातल्या हाताशेजारी धरला.

हिशेब असा झाला: मास्तरांना मान मिळाला, एव्हारिस्तला पदक, आणि खर्च दोघांत मिळून थोडंसं रोगण. पुढच्या वर्षी भाड्याची मॉडेलही आली. पण हातांची वेळ आली तशी एव्हारिस्तने ऑनरीनलाच हाक मारली, आणि करपलं ते तिचंच सूप.