फुईच्या वाट्याचा रोट

"कोनले दिधा रोट? बोल ना! कोनले दिधा?"

आबा ओसरीवरून उठून थेट माझ्या अंगावर आले. मी पारोळ्याहून नुकताच परत आलो होतो, गुडघ्यापर्यंत चिखल. पाणी विचारायचं सोडून हे.

"लीलाधरले दिधा," मी म्हटलं. "मंग? तो काय परका शे?"

"फुईना पोऱ्या शे तो! त्यानं कूळ येगळं!"

"फुई आपली अन् तिचा पोऱ्या परका? कोनी केला हा कायदा?"

आबांचा हात उठला. माझ्या थोरल्या भावाने, अभिमनदादाने तो वरच्यावर धरला, नाहीतर मी पण गप्प बसणार नव्हतो.

कायदा मला माहीत होता. कानबाईचा रोट, म्हणजे देवीच्या प्रसादाची जाड पोळी, भाऊबंदांनीच खायचा. लग्न होऊन आलेली सून चालते, दिलेली लेक चालत नाही. कण घराबाहेर जायला नको, आणि श्रावणातल्या पुनवेचा चंद्र निघायच्या आत सगळा संपला पाहिजे. पुनव आजच होती. टोपलीत शेवटचा एक उरला होता, तो मी सकाळी वाटेत खायला उचलला.

फुई म्हणजे आबांची बहीण, माझी आत्या. तिचा लीलाधर इंदूरहून पहिल्यांदाच आईचा मुलूख बघायला आला होता. दोन कोस पायी नेलं त्याला. बाजरी छातीला लागत होती. बोरी नदीच्या पाण्यात चप्पल हातात घेऊन तो पोरासारखा हसला. पारोळ्याच्या बाजारात त्याने मिरच्यांचे भाव विचारले, घेतलं काही नाही. किल्ल्याच्या भिंतीवर बसलो, खाली खंदकात हिरवं पाणी. मी रोट काढला तसा तो म्हणाला, "आई दर श्रावणात याचं नाव काढते. लग्नानंतर बत्तीस वर्षं तोंडाला लागला नाही तिच्या."

मग मी काय करणार? अख्खा त्याच्या हातात दिला. अर्धा त्याने तिथेच खाल्ला. अर्धा आईसाठी रुमालात बांधला. मग त्याला धुळ्याच्या गाडीसाठी तिथेच सोडून मी घरी परतलो.

हे सगळं मी आबांना सांगितलं नाही. कारण तेवढ्यात अभिमनदादाची बायको, पुष्पावहिनी दारात आली. सातवा महिना. आधीची दोन गेली, दोन्ही सातव्यातच. ती ओरडली असती तर बरं झालं असतं.

"भाऊ, त्यानी खाधा तर नही ना?"

"नही," मी बोलून गेलो. "बांधी ठेवेल शे."

"मंग लई ये. तोवर मी पानीबी पिवाव नही."

तसाच पारोळ्याकडे पळालो.

धुळ्याची एस.टी. अजून उभी होती. समोर आमच्या ओळखीच्या जब्बारभाई कल्हईवाल्याच्या बाकावर लीलाधर बसला होता.

"रोट दे," मी म्हटलं.

"अरे, तूच दिलास ना?"

"मीच दिला. आता मीच मागतो."

"आईला काय सांगू? दिला आणि काढून घेतला?"

"सांग मामा लबाड आहे, मामाचा पोरगा त्याहून लबाड!"

"एका तुकड्याने मूल दगावतं, असं वाटतं तुला?"

"मला नाही वाटत! तिला वाटतं! पाणी सोडून बसली आहे ती!"

जब्बारभाईंनी भाता थांबवला. "अरे पोरासहो, भांडा मंग. गाडी जाई ऱ्हायनी," ते म्हणाले. मग लीलाधरकडे बघून, "द्या हो पाहुणा. पोटुशी बाई शे."

कंडक्टरने घंटी दिली. लीलाधर हलेना. मी त्याच्या पिशवीला हात घातला, त्याने माझं मनगट पिरगळलं. दोघं तसेच उभे, बाजार बघतोय. मी मारलाच असता त्याला. मग त्याचीच पकड सुटली. त्याने रुमाल सोडला, रोट माझ्या हातावर ठेवला, आणि रुमालाला चिकटलेला चुरा झटकायला लागला. झटकता झटकता थांबला. रुमाल तसाच घडी करून खिशात घातला.

मी बघितलं आणि तो चुरा जाऊ दिला. कण घराबाहेर जायला नको, हे मला कुणी शिकवायला नको होतं.

"आणि दुसरा अर्धा?" त्याने पायरीवर चढताना विचारलं. "मी खाल्ला म्हणून सांगशील?"

गाडी निघाली. जब्बारभाई म्हणाले, "तू खाधा म्हन. वाटमा भूक लागनी म्हन. आबा मारतीन, वहिनी तरी जेवी."

खोटं मी सकाळपासून एकदा बोललोय. दुसरं बोलायचं तर तिच्या डोळ्यांत बघून बोलावं लागेल, आणि ती विचारणारच. आबांचा मार मी खाईन, त्याचं काही नाही. पण ती निवांत जेवली पाहिजे. म्हणून सांगणार, मीच खाल्ला. अभिमनदादाला पण तेच.

ऊन भिंतींवरून वर सरकलंय. दोन कोस आहेत, मध्ये बोरी आहे, पुनवेचा चंद्र लवकर निघतो. मला आता निघायला पाहिजे.