भित्तिपत्रकावरचा ग्लास

एकोणीसशे ब्याण्णवच्या जानेवारीतील एका शनिवारी, दुपारी तीन वाजता, जळगावच्या विद्यापीठातील ‘विवेक विचारमंडळा’ची बैठक नेहमीप्रमाणे वसतिगृहामागे, पाण्याच्या टाकीच्या सावलीत भरली. मंडळाचे सभासद अकरा होते, आणि वाद घालण्याची हौस प्रत्येकालाच होती. विषय होता: ‘खेड्यातील अस्पृश्यता संपली आहे काय?’ धुळ्याहून आलेल्या एका विद्यार्थ्याने ती संपल्याचे आकडेवारीनिशी सिद्ध केले, तेव्हा सहसा न बोलणारा वना उभा राहिला.

“आमच्या गावात पाराशेजारी चहाचं दुकान आहे,” तो म्हणाला. “माझ्या बापाचा ग्लास तिथं बाहेरच्या कोनाड्यात असतो. चहा वरून ओततात. बाप पितो, विसळतो, परत ठेवतो. ग्लास फुटला तर नवा त्यानंच आणायचा.” मग खाली बसताना तो हळूच म्हणाला, “हे मात्र इथपुरतंच ठेवा.”

मंडळाचा चिटणीस मगन हा वनाच्याच गावचा, उखर्डू पाटलांचा मुलगा. वनाचा बाप झिपरू हा त्या पाटलांच्याच मळ्यात केळीचे घड कापी. दर बैठकीचा वृत्तांत सुवाच्य अक्षरात लिहून सोमवारी तो वाचनालयाच्या भिंतीवर लावायचा, हा मंडळाचा शिरस्ता होता. आणि मगनने तो एकदाही चुकवला नव्हता.

मगन या बैठकीचा वृत्तांत लिहीत असताना मंडळातला भुसावळचा सत्तार त्याच्या खांद्यावरून कागद वाचत होता. “यार मगन, हा वृत्तांत आहे की पंचनामा? नाव गाळ की.”

“निनावी सत्याला लोक अफवा म्हणतात, सत्तार. नाव आहे, गाव आहे, म्हणून तर हे कोणाला खोडता येणार नाही.”

“बरोबर. पण जाब कोणाच्या बापाला विचारतील? तुझ्या तर नाही!”

“आमचे आबा तसले नाहीत रे,” मगन हसून म्हणाला.

त्याचा युक्तिवाद निर्दोष होता. त्याचे मोल दुसऱ्याच्या देहाने चुकवायचे होते, एवढी एकच गोष्ट त्या युक्तिवादात नव्हती. आणि वनाला पुन्हा विचारावे, हे त्याच्या मनातही आले नाही.

बुधवारी गावच्या सोसायटीचा सचिव जीवराम मुलीची गुणपत्रिका नेण्यासाठी विद्यापीठात आला. वाचनालयाच्या भिंतीवर लागलेल्या वृत्तांतापुढे तो थबकला, आपल्या गावाचे नाव त्याने दोनदा वाचले, आणि सारा मजकूर पाकिटाच्या पाठीवर उतरवून घेतला.

रविवारी सकाळी मगन चोपड्याहून येणाऱ्या बसमधून गावात उतरला, तेव्हा पारावर माणसे जमली होती. जीवराम पाकीट धरून मोठ्याने वाचत होता. मधोमध झिपरू उभा होता; केळीच्या चिकाने काळवंडलेला सदरा, हात जोडलेले. त्याचा कोयता कोणीतरी आधीच काढून घेतला होता.

“झिपऱ्या,” उखर्डू पाटील शांतपणे म्हणाले, “तुना आंडोर वना जळगावमा आमनी अब्रू टांगस का रे भितवर?”

“माले काहीच माहीत नही, आबा. पोऱ्या लहान शे.”

“लहान? भाषण ठोकस, आन लहान?”

“त्याले कपबशी पाहिजे, आबा!” गर्दीतून कोणी ओरडले. “वर खारी बी द्या!” हशा पिकला.

पाटलांनी कोनाड्यातला ग्लास घेतला, पाराच्या दगडावर फोडला, आणि दोघांनी दाबून धरलेल्या झिपरूच्या उजव्या तळहातात काचा भरल्या. मग त्याची मूठ मिटून जमिनीवर टेकवली आणि तिच्यावर नाल ठोकलेला जोडा रोवला. किंकाळी देवळापर्यंत गेली. एकाने कुदळीचा दांडा पाठीत घातला. दुसरा घाव कानशिलावर बसला.

“आबा! सोडा त्याले!” मगन धावला, चुलतभावांनी त्याला कमरेत धरले. पाटलांनी मुलाकडे पाहिले, आणि टाच आणखी दाबली. बोटांच्या फटींतून रक्त धुळीत पसरू लागले. चहावाल्याने मुकाट्याने स्टोव्ह बंद केला.

जळगावच्या इस्पितळात संध्याकाळपर्यंत झिपरूची तीन बोटे काढावी लागली. व्हरांड्यात मंडळाचे सारे सभासद जमले. सत्तारच्या हातात निषेधाचा ठराव होता.

वनाने ठरावाकडे पाहिलेही नाही. “मगन, मी म्हटलं होतं ना, इथपुरतंच?”

“माझी चूक झाली, वना.”

“चूक? बाप आता कोयता कोणत्या हातात धरेल? ठराव तुमचे तुम्ही ठेवा. तू पारावर होतास. डोळ्यांनी पाहिलंस. ते पोलिसात सांगशील का, एवढंच बोल.”

दुसऱ्या दिवशी सकाळी मगन एकटाच पोलीस ठाण्याची पायरी चढला.

आत खुर्चीवर उखर्डू पाटील आधीच बसले होते. जमादाराने टोपी सारखी केली. “मजूर घसरला, ग्लासावर पडला. पारावरची सत्तावीस माणसं हेच सांगतात. तुझंही तसंच लिहू ना?”

“लिखा, जमादार,” पाटील म्हणाले. मग आवाज मऊ करून मुलाकडे वळले. “भो, तुनी माय कालपासून जेवनी नही. सही कर आन घर चाल.”

खरे सांगितले तर त्या घरात पुन्हा पाऊल टाकता येणार नव्हते, हे मगनला कळत होते.

“झिपरू पडना नही, आबा. तुम्हीन त्यानी मूठवर पाय दिधा. मी देखं.”

पाटलांची थप्पड इतक्या वेगाने आली की तो शेजारच्या बाकासकट उलथला. ते त्याच्यावर गुडघा रोवून बसले. एक ठोसा तोंडावर, दुसरा बरगडीत. “मना आंडोर नही तू! मरी गया तू माले!” जमादार आणि दोन शिपायांनी त्यांना कसेबसे ओढून दूर केले.

मगन टेबलाचा आधार घेऊन उठला. फाटलेल्या ओठातले रक्त हनुवटीवरून गळत होते. जमादाराचे पेन हवेतच थांबले होते.

“थांबू नका,” तो म्हणाला. “हेही लिहा.”

झिपरूच्या खटल्यातील ही पहिली खरी जबानी. पारावर त्या सकाळी सत्तावीस माणसे होती, आणि प्रत्येकाला दोन डोळे होते. दुसरा साक्षीदार अद्याप यायचा आहे.