गोटा टायर

“शेठ, मी तुमाला येडा दिसतो का?” कारभारीनं हातातलं टायर काउंटरवर ठेवलं आणि दोन बोटांनी लांब सारलं. “ह्ये तर पार गोटा हाय.”

दुकानदार हसला. “काका, कोरं करकरीत आहे ते. रेसच्या सायकलचं टायर असंच गुळगुळीत येतं. मागच्या सालचा माल शिल्लक राहिलाय म्हणून निम्म्या किमतीत सोडतोय. पुण्याला गेलात तरी या भावात मिळायचं नाही.”

निम्म्या किमतीचं नाव काढलं आणि तिथंच बिनसलं. नवं टायर, तेही निम्म्यात, आणि वर नक्षीचा मागमूस नाही! कुणीतरी झिजवलेलं टायर काळं पॉलिश मारून आपल्या गळ्यात बांधायला निघालाय, याबद्दल कारभारीला तिळमात्र शंका उरली नाही. त्यानं पिशवी उचलली आणि तो दुकानाच्या पायऱ्या उतरला. मागून दुकानदार म्हणाला, “काका, ऐका तरी!” पण कारभारी ऐकणाऱ्यांतला नव्हता. निदान टायरच्या बाबतीत तरी नव्हता.

झिजून नक्षी गेलेल्या टायरला त्याच्या भागात गोटा म्हणतात, आणि गोटा टायर हा कारभारीच्या आयुष्यातला एकमेव शत्रू होता. तो श्रीगोंद्याच्या एका साखर कारखान्यावर उसाचा ट्रॅक्टर चालवायचा. हंगामात चिखलातून दोन ट्रेलर ओढायचे म्हणजे टायरच्या नक्षीवरच सगळी भिस्त. पण त्याचं वेड ट्रॅक्टरपुरतं नव्हतं. एसटीत चढण्याआधीसुद्धा तो वाकून चाक बघायचा, नक्षीत अंगठ्याचं नख खुपसायचा आणि मगच तिकिटाचे पैसे काढायचा. भाच्याच्या सोयरिकीत पाहुण्यांची जीप दारात लागली, तेव्हा हा पठ्ठ्या तिच्याखाली डोकं घालून बसला होता. त्याची बायको छबूबाई करवादली होती, “आवं, मानसं बगायची सोडून टायरं काय बगताय?” सगळे हसले होते. केशरबाई तेवढी हसली नव्हती.

केशरबाई म्हणजे त्याच्या धाकट्या भावाची, अंगदची बायको. अंगद जामखेडकडं वडापची, म्हणजे गावोगावची माणसं भरून नेणारी जीप चालवायचा. जीप दुसऱ्याची. टायरं गोटा झाली होती आणि मालक दर महिन्याला म्हणायचा, एवढा महिना काढ. पावसाचे नुसते शिंतोडे पडले होते त्या सकाळी. उतारावरच्या वळणाला जीप घसरली ती थेट ओढ्यात. अंगदला आणायला कारभारीच गेला होता. ओढ्यात उलट्या पडलेल्या जीपची चारी चाकं वर होती, आणि त्यानं त्यांच्यावरून हात फिरवला होता. तळहातासारखी गुळगुळीत. त्या दिवसापासून त्याचं हे वेड.

अंगदच्या माघारी त्याची एकुलती एक पोर, रोहिणी, कारभारीच्याच अंगाखांद्यावर वाढली. त्याला दोन मुलगे होते, पण जीव पोरीवर. ती शाळेला सायकलवर जायची आणि वाऱ्यासारखी जायची. नगरच्या कॉलेजात गेली तिथं खेळाच्या गोरक्ष सरांनी तिला हेरलं. आधीच्या एका पोरीची रेसची जुनी सायकल तिच्या हवाली केली. दिवाळीत ती सायकल घेऊन घरी आली तेव्हा कारभारीनं पहिलं काम केलं ते वाकून टायरं बघण्याचं. नख खुपसायला कुठं जागाच नव्हती.

“रोहिणे, ह्यावर बसती तू?”

“नाना, ती...” रोहिणी काहीतरी सांगणार होती. मग तिनं नानांच्या तोंडाकडं पाहिलं आणि म्हणाली, “बदलू की, नाना.”

“टायर मी आनीन. दुसऱ्या कुनी आनायचं न्हाई.”

आता ती वेळ आली होती. गेल्या आठवड्यात तिचा फोन आला. पुढचं टायर कापलं गेलं होतं, आतला दोरा दिसायला लागला होता, मागचंही फार दिवस टिकणारं नव्हतं. “सातशे पंचवीस मापाचं सांगा दुकानात. चांगल्या किमतीत भेटलं तर बगा, न्हाईतर सर मागवतो म्हनलेत.” रविवारी निवडीची शर्यत होती. पहिल्या तिघींना पुण्याला दोन वर्षं राहून शिकायला मिळणार होतं. राहणं, खाणं, सायकल, सगळं तिथलं. वयाच्या अटीत बसायचं रोहिणीचं हे शेवटचं वर्ष. आणि केशरबाईनं स्पष्टच सांगून ठेवलं होतं, “भावजी, निवड झाली तर माजं कायबी म्हननं न्हाई. न झाली तर मातर मी पाव्हन्यांना हो म्हननार. बापाइना पोरगी किती दिस ठिवायची?” खर्ड्याकडचं स्थळ दिवाळीपासून उत्तराची वाट बघत होतं. रोहिणीनं आईला तसा शब्द दिला होता आणि कारभारीनंही मान हलवली होती. मनातून मात्र तो बेफिकीर होता, कारण त्यानं त्या पोरीला चढावर पळताना पाहिलं होतं.

टायरसाठी त्यानं श्रीगोंदा पालथं घातलं. तिथं साध्या सायकलींची टायरं होती, पोरांच्या सायकलींची होती. सातशे पंचवीस म्हटल्यावर दुकानदार त्याच्याच तोंडाकडं बघायला लागला. कारखान्याच्या ऑफिसातल्या मोनिका मॅडमनी मोबाईलवर शोधून दिलं, पण पार्सल यायला शर्यत उलटून जाणार होती. म्हणून शनिवारची रजा टाकून तो नगरला आला होता, आणि पहिल्याच दुकानात हा प्रकार.

दुसरं दुकान स्टँडच्या बाजूला होतं. तिथल्या माणसानं आतून एक जोडी काढली. कारभारीनं नख खुपसलं. खोल, ठसठशीत नक्षी, कडेला उभे कंगोरे. त्याचा चेहरा उजळला.

“पण हे बत्तीसच्या रुंदीचं आहे,” दुकानदार म्हणाला. “पंचवीसचं माझ्याकडं नाही. बसेल तसं, जरा काटोकाट.”

“रुंद हाय म्हंजी चांगलंच की वो. पकड धरतंय.”

“पकड धरेल. चिखलातून, खडीवरून कुठूनही न्या.”

भाजीवालीशी कोथिंबिरीच्या जुडीवरून भांडणारा कारभारी त्या दिवशी एका शब्दानं घासाघीस न करता सांगितली ती किंमत मोजून बाहेर पडला. पोरीच्या चाकाखालची गोष्ट होती. तिथं भाव करायचा नसतो, असं त्याला वाटलं.

दुपारी तो हॉस्टेलच्या फाटकाशी पोचला. रोहिणी पळतच आली. त्यानं पिशवीतून टायरं काढून तिच्यापुढं धरली, शाळेतल्या पोरानं बक्षीस दाखवावं तशी.

रोहिणी त्या टायरांकडं बघत राहिली. तिनं कंगोऱ्यांवरून बोट फिरवलं.

“काय गं? आवडली न्हाई?”

“लई भारी हायत, नाना.”

“पयल्या दुकानात चोर बसलाय. गोटा दाखवत हुता मला, निम्म्या किमतीत. म्या म्हनलं, आमच्या घरात गोटा टायर येत न्हाई.”

“कुठल्या दुकानात?” तिनं पटकन विचारलं.

“त्ये कशाला तुला? तू सायकल आन.”

तिथंच झाडाखाली दोघांनी मिळून टायरं चढवली. बसताना त्रास झाला. ब्रेकचं रबर कडेला घासत होतं; रोहिणीनं पाना घेऊन ब्रेक ढिला केला, चाक फिरवून पाहिलं, पुन्हा ढिला केला. कारभारी बाजूला उकिडवा बसून समाधानानं बघत होता. निघताना तिनं विचारलं, “नाना, उद्या कुठं उभं राहनार तुमी?”

“शेवटाला. तू येताना दिसली पायजेस मला.”

“बरं,” ती म्हणाली.

शर्यत दौंड रस्त्यावर होती. सुरुवात लांब तिकडं आणि शेवट शहराच्या अलीकडं, एका शाळेसमोर. गावाकडच्या एका ओळखीच्या माणसाकडं मुक्काम करून कारभारी उजाडताच तिथं जाऊन उभा राहिला. थंडी होती. चुन्याची पांढरी रेघ मारली होती, तिच्या जवळची जागा त्यानं धरली आणि लघवीलासुद्धा सोडली नाही.

पोरी आल्या तेव्हा ऊन वर आलं होतं. पहिली एक निळ्या कपड्यातली सर्रकन गेली. मग थोड्या अंतरानं दोघी, एकमेकींना खेटून. त्यांच्या मागं रोहिणी. तिची मान खाली होती आणि सगळं अंग पायडलवर पडत होतं. कारभारी ओरडला, “रोहिणे, मार! मार गं माजे बाई!” तिनं मारलं. त्यानं तिला इतका जोर लावताना कधी पाहिलं नव्हतं. पुढच्या दोघी मात्र पाय नुसते फिरवत असाव्यात अशा चालल्या होत्या. रेघ आली तेव्हा त्या दोघींत आणि रोहिणीत एका सायकलीचं अंतर होतं.

चौथी.

ती पुढं जाऊन थांबली आणि हँडलवर कपाळ टेकून उभी राहिली. कारभारी गर्दीतून वाट काढत तिच्याकडं निघाला. त्याच्या आधी गोरक्ष सर पोचले. मुलांच्या शर्यतीच्या धावपळीत सकाळपासून त्यांनी रोहिणीची सायकल पाहिली नव्हती. आता पाहिली.

“रोहिणी, हे काय घातलंस? खडीच्या रस्त्याची टायरं घालून रेस मारायला आलीस? ब्रेकला घासतंय हे! कुणी सांगितलं तुला?”

“मीच घातली, सर.”

“अगं, या टायरांवर चौथी आलीस तू! तुझी नेहमीची असती तर...” सरांनी वाक्य पुरं केलं नाही. ते हात झटकून निघून गेले.

कारभारी होता तिथंच थांबला. शाळेच्या भिंतीला पोरींनी सायकली टेकवून ठेवल्या होत्या. तो त्या सायकलींपाशी गेला आणि वाकला. पहिल्या सायकलीचं टायर गुळगुळीत. दुसरीचं गुळगुळीत. निळ्या कपड्यातल्या पोरीच्या सायकलीचं तर नवं कोरं होतं, कडेची अक्षरंही पुसली नव्हती, आणि तेही गुळगुळीत. तो भिंतीच्या टोकापर्यंत वाकत वाकत गेला. नक्षीचं टायर एकाही सायकलीला नव्हतं.

तो सरळ उभा राहिला तेव्हा रोहिणी मागं येऊन थांबली होती.

“तुला म्हाईत हुतं?” त्यानं विचारलं.

तिनं मान हलवली.

“दिवाळीपास्नं म्हाईत हुतं तुला. मग बोलली का न्हाईस? म्या काय खाल्ली आस्ती का तुला?”

“काय बोलू, नाना?” तिचा श्वास अजून बसला नव्हता. “गोटा टायर आना आसं तुमाला कसं सांगू? पप्पांना आनायला तुमीच गेल्तात.”

“आगं, मग माज्या माघारी बदलायची! मला कळलंबी नसतं.”

“तुमी हितं उभं राहनार हुता. मी येताना पयलं टायरंच बगितली असती तुमी. मग पोटात धस्स झालं असतं.”

कारभारीला वाटलं, कुणीतरी आपल्या श्रीमुखात द्यावी. त्या पहिल्या दुकानदारानं द्यावी, सरांनी द्यावी. या पोरीनं दिली असती तर फारच बरं झालं असतं. पण ती घाम पुसत उभी होती, आणि उलट त्याचीच काळजी करत होती. तिची दोन वर्षं, पुणं, सगळं त्यानं स्वतःच्या हातानं घालवलं होतं, आणि तेही घासाघीस न करता.

“सरांना सांगतो मी. पाया पडतो त्यांच्या.”

“नाना, निकाल लागला. आता सरांच्या हातात कायबी न्हाई.”

त्याच्या खिशातला फोन वाजायला लागला. केशरबाईचा होता. तो नुसताच हातात धरून उभा राहिला. वाजून थांबला, पुन्हा वाजायला लागला. रोहिणीनं तो त्याच्या हातातून घेतला.

“आई, मी बोलती... न्हाई गं. चवथी... न्हाई, सायकलीला काय झालं न्हाई... टायरं लई चांगली हुती, नानांनी एक नंबर आनली हुती. माजाच दम कमी पडला शेवटाला.” ती पलीकडचं ऐकत राहिली. कारभारी हातवारे करून नको नको म्हणत होता, फोन मागत होता. तिनं पाठ फिरवली. “व्हय. मी शब्द दिलाय ना तुला, मग? कळव त्यांना. यिऊ दे पुढल्या रविवारी... न्हाई, रडत न्हाई. पळून आलीय म्हनून आवाज तसा येतोय.”

फोन परत देताना तिनं तो अंगातल्या टी-शर्टला पुसला. “चला नाना, तुमची गाडी चुकंल.”

शाळेपुढं मांडव होता, तिथं तिघींची नावं पुकारायला लागली होती, टाळ्या वाजत होत्या. ती दोघं रस्त्याला लागली. सायकल कारभारीनं धरली होती. थोडं पुढं गेल्यावर आवाज यायला लागला. कंगोऱ्यांच्या फटींत बारीक खडे अडकले होते, आणि चाकाच्या प्रत्येक फेऱ्याला ते डांबरावर टकटक वाजत होते. रोहिणी समोर बघत चालत होती.

शंभरेक पावलं त्यानं तो आवाज ऐकला. मग तो थांबला, मधल्या दांड्याखाली हात घातला आणि सायकल उचलून खांद्यावर घेतली.

“नाना, ढकलत न्या की. लई लांब हाय स्टँड.”

“आसू दे,” कारभारी म्हणाला, आणि चालायला लागला.