पाऊण पोटाची गाडी

जुनी म्हणावी इतकं काही माझं वय नाही, मित्रांनो. पण भंगाराच्या आवारात काचा गेलेल्या, मागचं अंग जळलेलं असं उभं राहिलं की सगळे जुनीच म्हणतात. म्हणोत बापडे. मी विजेवर चालणारी गाडी आहे. माझी गोष्ट गोड नाही, आधीच सांगून ठेवते.

कारखान्यातून बाहेर पडले तेव्हा माझं कोण कौतुक झालं. धूर नाही, आवाज नाही, म्हणून लोक वाकून वाकून बघायचे. माझ्या बॅटरीत जन्मापासूनच खोट होती, हे मात्र कुणाच्या ध्यानीमनी नव्हतं.

मला एका नर्सने घेतलं. घरातले तिला ताई म्हणत, म्हणून मीही ताईच म्हणते. घरोघरी जाऊन जखमा धुवायच्या, पट्ट्या बदलायच्या, हे तिचं काम. सगळ्यात लांबचं घर मास्तरांचं. टेकडीवर एकटे राहायचे. साखरेच्या आजाराने त्यांच्या पायाला जखम झाली होती आणि डॉक्टरांनी बजावलं होतं, पट्टीत खंड पडला तर पाय जाईल. वर बस जात नसे. मीच काय ती.

मास्तर मोठे खवचट. "आलीस? मला वाटलं माझा पाय विसरलीस," म्हणायचे.

"पाय लक्षात आहे. तुम्हालाच विसरायचा प्रयत्न चाललाय," ताई म्हणायची आणि खाली बसून पट्टी सोडायला लागायची.

घरी आल्यावर मला वायर लावायचं काम ताईच्या आईचं. ते तिने कुणालाही करू दिलं नाही. घरातून कुणी अर्धपोटी निघालेलं तिला खपायचं नाही, मग ती लेक असो की गाडी. वायर लावताना माझ्या पाठीवर हात फिरवायची. मला ते फार आवडायचं.

मग एक दिवस कंपनीने माझ्या जातीच्या सगळ्या गाड्या तपासायला परत बोलावल्या. दुरुस्ती केंद्रातल्या माणसाने ताईला समजावलं, "नवी बॅटरी येईपर्यंत पाऊणच भरा. पूर्ण भरली तर पेट घेऊ शकते. आणि घरापासून लांब उभी करा."

"कधी येईल नवी?"

"आली की कळवतो."

ते कळवणं काही झालं नाही. ताई फोन करून करून थकली.

तिने मला कुंपणापाशी हलवलं. आईचा रक्तदाब वाढायचा, तिला कशाला घोर लावा, म्हणून तिने आगीचं काही सांगितलं नाही. एवढंच म्हणाली, "आई, आता पाऊणच भरायची. बॅटरी जास्त टिकते म्हणे."

पाऊण पोटी टेकडी चढून परत येताना मी मेटाकुटीला यायचे. एकदा तर वाटेतच बंद पडले. ताई पाय ओढत घरी पोचली तेव्हा आई दारातच उभी होती म्हणे. दुसऱ्या दिवशी मला ओढून घरी आणलं, तेव्हा अंगणात तिची बडबड मी ऐकली, "बॅटरी टिकेल, पण माझी पोरगी नको का टिकायला?"

त्याच दुपारी ताईने माझी वायर काढली आणि टेकडीवर जाण्याआधी जरा आडवी झाली. आई हळूच बाहेर आली. इकडेतिकडे पाहिलं आणि वायर परत लावली. "जेव पोटभर. तिला सांगू नकोस," असं माझ्या कानाशी बोलली. मला तोंड असतं तर मी ओरडले असते, मित्रांनो.

आधी धूर निघाला, मग जाळ. बंबवाले आले. माणसांना खरचटलंसुद्धा नाही, म्हणून शेजारी देवाचे आभार मानत होते. ताई मात्र मास्तरांना फोन लावत होती.

दुसरी गाडी मिळेना. एकदा कुणाच्या तरी स्कूटरवर गेली, एकदा दुसऱ्या नर्सला पाठवलं, ती अर्ध्या वाटेतून परत आली. मी कुंपणापाशी जळून पडलेली होते, सगळं कानावर येत होतं. जखम चिघळली. मास्तरांचा पाय गुडघ्याखाली कापला. ताई इस्पितळात भेटून आली आणि पायरीवर बसून रडली. मास्तर तिला एक शब्दही टोचून बोलले नव्हते, त्याचंच तिला जास्त लागलं.

मला न्यायला क्रेन आली तेव्हा आईने विचारलं, "माझ्यामुळे झालं ना गं?"

"नाही गं. गाडीच खराब होती."

ते खोटं नव्हतं. आईने मान हलवली आणि आत गेली. तिला पटलं नव्हतं, हे मला तिच्या पाठमोऱ्या चालण्यावरूनही कळलं.

मित्रांनो, मला जपा म्हणायची वेळ गेली. नवी बॅटरी आता आली तरी ती बसवायला मी उरले नाही. एवढंच सांगते, घरातल्या माणसाला एखादी गोष्ट करू नकोस म्हणाल, तेव्हा का ते पूर्ण सांगा. त्याला घोर लागेल, रात्रभर झोप येणार नाही. लागू दे घोर. ताईच्या आईला आता जन्मभर झोप येणार नाही.