बोटानं वाचजो

"एकही सांज खाली जाऊ देजो नोको, रत्नमाला. तोंडानं नाही आलं तं बोटानं वाचजो."

धुरपताबाईंनी मरताना सुनेला एवढंच सांगितलं होतं. उतारवयात अक्षर शिकलेली ती म्हातारी. करडी गावच्या विहारात पावसाळ्यातल्या वर्षावासाचे तिन्ही महिने ओळीखाली बोट धरून, एकेक शब्द चघळत ग्रंथ वाचायची. रत्नमालेनं तेव्हा हो म्हटलं, पण मनातल्या मनात हसली. तिला कशाला लागतं बोट? वंदना, सुत्तं, सगळं जिभेवर. डोळे मिटले की शब्द आपसूक रांगेत यायचे.

यंदा ते शब्दच पळून जात होते.

चार वर्षांपूर्वी सांधे धरले, गालांवर लाल चट्टे उठले, तेव्हा नागपूरच्या डॉक्टरणीनं नाव सांगितलं होतं, ल्युपस. "अंगातले रखवालदारच बावचळतात आणि घरच्यांवर लाठी उगारतात. आधी सांध्यांवर, कधी मेंदूवर, नसांवरही. शब्द सापडेनासे होतील, चिडचिड होईल, झटकाही येऊ शकतो. गोळ्या सकाळ-संध्याकाळ, खाऊन. एकही चुकवायची नाही."

पण गावाला काय समजावणार? सुजलेला गुडघा दिसतो, मेंदू कोणाला दाखवायचा? परवा तिला मीठ पाहिजे होतं आणि तोंडातून निघालं, "खुशबू, तो दरवाजा दे." पोरगी खुदकन हसली. रत्नमालेनं हातातली वाटी आपटली, मग तीच वाटी उचलून रडत बसली.

काल तर हद्दच झाली. विहारात वंदना सांगता सांगता तिसऱ्या शीलावर जीभ अडकली. मागे बाया हात जोडून ताटकळल्या. शेवटी जनाबाई म्हणाली, "झोप लागली का वं, उपासिका?" खसखस पिकली. निघताना वर आणखी, "मन ठिकाणावर ठेवत जा, बाई. उद्या मी वाचतो ग्रंथ, तू आराम कर."

मन ठिकाणावरच होतं. म्हणून तर जीव जळत होता. वर्षावास संपायला, आश्विन पौर्णिमेला, आठच दिवस राहिलेले, आणि सासूला दिलेला शब्द जनाबाईच्या हाती जायची पाळी!

आज दुपारी खुशबूनं औषधांचा डबा उघडला. "आई, सांजच्या गोळ्यांचे पत्ते तसेच्या तसे हायेत. काहून?"

"अष्टशील घेतलं ना मी तीन महिने. बारानंतर जेवण नाही. अन् गोळी उपाशी पोटी घ्यायची नाही."

"म्हणून गोळीच सोडली?"

"मंग शील मोडू का?"

"भन्तेजींले विचारलं?"

रत्नमालेनं डब्याचं झाकण लावून टाकलं. खुशबूनं फोन लावला, आवाज मोठा केला. पलीकडून भन्ते शांतपणे म्हणाले, "आजारी माणसानं पंचशील पाळावं, जेवावं, गोळी घ्यावी. हे आषाढातच सांगितलं असतं, उपासिके. तुम्ही विचारलंच नाही."

तिला संताप आला. भन्तेंच्या शांतपणाचा, जनाबाईच्या जिभेचा, आणि सगळ्यांत जास्त स्वतःचा. तीन महिने एवढ्या निष्ठेनं तिनं रखवालदारांच्या हाती लाठी दिली होती!

"उद्या पहिल्या गाडीनं नागपूरले जाऊ," खुशबू म्हणाली. "डॉक्टरणीले खरं खरं सांगजो. आज जनामावशीले वाचू दे."

"जाऊ नागपूरले," रत्नमाला हळूच म्हणाली.

ऊन कललं. तिनं भाताचे चार घास वाढून घेतले. पहिला घास चोरी केल्यासारखा तोंडात फिरत राहिला. तिनं तो पाण्यासोबत ढकलला, उरलेले खाल्ले, गोळी गिळली. मग आलमारीतून सासूचा ग्रंथ काढला. ओळींखाली म्हातारीच्या बोटानं पानं मळकी झाली होती.

ऊन लागलं की गालांवरचे चट्टे पेटायचे, आणि अजून ऊन होतं, म्हणून छत्री घेतली. उजव्या हाताचं बोट पदराला पुसलं, आणि खुशबूला काही न सांगता ती विहाराच्या वाटेला लागली.